चाळीसपैकी छत्तीस

२१ जानेवारी २०२५, मंगळवार

सर सरळ येऊन माझ्या खुर्चीवर आदळले. त्यांच्या हातातलं पुस्तक पडलं, माझा टॅब पडता पडता राहिला. बेचाळीस मुलं एका क्षणात गप्प झाली. कोणी हसलं नाही. सातवीच्या वर्गात शिक्षक धडपडतो आणि कोणी हसत नाही, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"खुर्ची कोणाची?" सर म्हणाले. माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघून.

"माझी."

"आमच्या वर्गात मधल्या वाटेत काही ठेवत न्हाईत, मॅडम. दप्तरसुद्धा."

पहिल्या बाकावरून एक मुलगी उठली. पुस्तक उचलून सरांच्या हातात दिलं. माझी खुर्ची मागच्या भिंतीला नेऊन लावली. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तास पुढे सुरू झाला.

त्यांनी मुद्दाम धक्का दिला असं मला वाटतं. निरीक्षक नको असेल तर सांगायच्या पुष्कळ रीती असतात.

माजलगावातला हा माझा दुसरा दिवस. काम असं: मागच्या बाजूला बसायचं, पस्तीस मिनिटांच्या तासात दर पाच मिनिटांनी टॅबवर खुणा करायच्या. कोण बोलतंय, शिक्षक की मुलं. डिजिटल बोर्ड कोणाच्या हातात आहे. प्रश्न कोणी विचारला. तासाला चाळीस गुण. सहावी ते आठवी, तीन आठवडे. पत्रकं रोज संध्याकाळी बीडच्या कार्यालयात माझ्या वरिष्ठ वनमाला मॅडमना पोचतात. एकदा गेली की माझ्या हातात काही उरत नाही.

मुख्याध्यापक अर्जुनरावांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. "संस्थेच्या सेक्रेटरी साहेबांचा हुकूम हाय. तुमच्या मार्कात जो विसाच्या खाली गेला, त्याला जूनपासून वर्ग न्हाई. पगार तोच, पण ऑफिसात बसायचं. तवा जरा बघून मार्क द्या."

"मी जे दिसेल तेच लिहिते," मी म्हणाले.

"लिहा की," ते म्हणाले. "दिसंल तेच लिहा."

ज्यांनी धक्का दिला ते मकसूद सर. गणित शिकवतात. वय पंचावन्नच्या पुढे. जुन्या शिक्षकांना हा बोर्ड जमत नाही, त्यांचीच नावं आधी खाली जातात. आजचे गुण रागात द्यायचे नाहीत म्हणून आजचं पत्रक रद्द केलं.


२२ जानेवारी, बुधवार

मी चुकले होते. पूर्ण चुकले होते.

आजच्या तासात मकसूद सरांनी बोर्डाला हात लावला नाही. पस्तीस मिनिटांपैकी एकतीस मिनिटं बोर्ड मुलांच्या हातात होता. कालचीच ती मुलगी, आयशा, उदाहरण लिहीत होती, आणि लिहिताना प्रत्येक पायरी मोठ्याने बोलत होती. बाकीची मुलं चूक निघाली की बसल्या जागेवरून बोलायची. बोलायच्या आधी प्रत्येक जण आपलं नाव सांगतो. "लखन. सर, तिनं खालच्या दोनाला वर न्हाई नेलं." सर लगेच: "आयशा, काय म्हणतोय लखन?" "बरोबर म्हणतोय, सर. उलटवायचं राह्यलं."

जिल्ह्यातल्या अकरा शाळा पाहून झाल्या. असा वर्ग पाहिला नव्हता. सर बाकांच्या रांगांमधून फिरतात, हात बाकांच्या कडांवरून सरकत जातो, आणि ऐकतात. फक्त ऐकतात. वह्या ते स्वतः तपासत नाहीत. शेजारची वही घ्यायची, वाचून दाखवायची, वाचणाऱ्यानेच चूक शोधायची.

नाव सांगून बोलायची पद्धत कुठून आली ते विचारायला हवं. कुठल्या तरी प्रशिक्षणातली असावी. मुलाला वाटतं की माझं बोलणं नोंदलं जातंय.

गुण दिले. पत्रकातल्या एक सोडून सगळ्या ओळींना पूर्ण. फक्त एका ओळीत शून्य, कारण प्रामाणिकपणे शून्यच होतं: 'शिक्षक स्वतः साधनाचा वापर करतात.' चार गुणांची ओळ. चाळीसपैकी छत्तीस.


२३ जानेवारी, गुरुवार

शिक्षकांच्या खोलीत समोरून नमस्कार केला. मकसूद सर बाजूने निघून गेले. माणूस चांगला शिकवतो म्हणून चांगला वागेलच असं नाही.

दुपारी संमतीपत्र घेऊन गेले. चित्रीकरण करायचं झालं तर शिक्षकाची सही लागते. त्यांनी कागद हातात घेतला आणि परत दिला.

"तुमी वाचा. मराठीत एम.ए. केलंय म्हणे. ऐकू तरी द्या कसं वाचतात एम.ए. लोकं."

दोन पानं वाचून दाखवली. मध्ये एकदा म्हणाले, "जरा सावकाश, मॅडम, तुमची एसटी चुकत न्हाई." खरं सांगायचं तर मला आवडलं. मास्तरकीसाठी पाच वर्षं अर्ज करून मला वर्ग मिळाला नाही. निदान कोणी तरी ऐकलं.

सही खालच्या ओळीत न करता मजकुरावरच केली. बेफिकीर माणूस.


२७ जानेवारी, सोमवार

आसाराम सरांचा इंग्रजीचा तास. बोर्ड पस्तीसच्या पस्तीस मिनिटं चालू, पण त्यावर तयार चित्रफिती. सर खुर्चीत, हातात मोबाइल. मुलांचा एकही प्रश्न नाही. सतरा.

त्यांना गुण कसे कळले माहीत नाही. सुट्टीत पाण्याच्या टाकीपाशी गाठलं.

"सतरा का, मॅडम? बोर्ड तर चालू होता की आपला."

"बोर्ड चालू होता, सर. मुलं बंद होती."

हसले. मग हसणं थांबवून म्हणाले, "अन मकसूदला छत्तीस. बरं. तुमी मागं भिंतीला बसता ना? एकदा पुढच्या बाकावर बसा. तिकडून तोंड दिसतं माणसाचं."

"म्हणजे?"

"काय न्हाई. आपलं म्हटलं. मागून पाठ दिसती फक्त."

हेवा. नोंदवून ठेवते, कारण अहवालात 'शिक्षकांमधील परस्पर सहकार्य' असा एक भाग आहे.


३० जानेवारी, गुरुवार

मकसूद सरांचे पाच तास पाहून झाले. पाचही वेळा छत्तीस, पाचही वेळा त्याच एका ओळीत शून्य.

दुपारी वनमाला मॅडमचा फोन. आवाज वेगळाच होता. "आरोही, हा माणूस कुठे लपला होता? सात तारखेला बीडच्या सभागृहात नमुना तास ठेवते. दोनशे शिक्षक. मुलं दुसऱ्या शाळेची देऊ, म्हणजे पद्धत कुठेही चालते हे दिसेल. आणि त्या एका ओळीतलं शून्य काढायला हवं. स्वतः बोर्ड वापरताना दिसले पाहिजेत. चार गुण कशाला घालवायचे?"

मी होकार दिला. माझं कंत्राट मार्चपर्यंत आहे. मी शोधलेला शिक्षक दोनशे जणांसमोर उभा राहणार, हे मला हवं आहे. ते कोणासाठी हवं आहे, हा प्रश्न आज लिहून ठेवते, उत्तर नंतर.


३१ जानेवारी, शुक्रवार

सर नाही म्हणाले. एकदाच, हळू आवाजात.

"तब्येत बरी नसते. बीडला नको."

"दोन तासांचा प्रवास, सर. गाडी पाठवतील."

"गाडीचं न्हाई, मॅडम."

"मग कशाचं? विसाच्या खाली गेलात तर वर्ग जातो म्हणून इथे सगळे घाबरलेत. तुम्ही एकदा बीडला उभे राहिलात की तुमच्या वर्गाला कोणी हात लावणार नाही." मी बरंच बोलले. सभ्यतेच्या मर्यादेत राहिले असं वाटत नाही.

सर मान खाली घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "ही सातवी चांगली हाय. आठवीत जाईस्तोवर माझ्याकडं राहू द्या. एवढंच."

कोणी काढून घेतोय का त्यांच्याकडून? उलट मी वाचवायला बघते.

अर्जुनरावांना सांगितलं. ते टेबलावरचा कागद उगाच सरळ करत राहिले. "मकसूद अन मी डी.एड.ला एका खोलीत होतो, मॅडम. तो न्हाई म्हणला तर ऐका त्याचं."

"कारण तरी सांगा."

"कारण मला माहीत न्हाई."

संध्याकाळी मॅडमनी संस्थेच्या सेक्रेटरींना फोन केला. सेक्रेटरींनी अर्जुनरावांना. आता नाही म्हणायची सोय उरली नाही.


३ फेब्रुवारी, सोमवार

सुट्टीत आयशा माझ्याकडे आली. एकटी नाही, लखन सोबत. तो दोन पावलं मागे उभा राहिला.

"मॅडम, आमच्या सरांना बीडला कशाला नेताव?"

"त्यांचा सन्मान आहे तो."

"आमाला सोबत नेता का?"

"तिथे दुसरी मुलं असतील."

तिने लखनकडे पाहिलं. मग विचारलं, "स्टेजला पायऱ्या किती हायत?"

"कशाला हव्यात?"

"सांगा की, मॅडम. अन डाव्या अंगाला हायत का उजव्या?"

लखन म्हणाला, "अन कठडा हाय का विचार."

मला हसू आलं. मी खरंच फोन करून विचारलं. पाच पायऱ्या, उजव्या बाजूला, कठडा नाही. आयशाने तळहातावर पेनने लिहून घेतलं. लखन म्हणाला, "कठडा न्हाई तर मग कसं बे?" तिने त्याला कोपराने ढोसलं.

मुलांना सरांची काळजी वाटते. पडतील म्हणून. वर्गातही अशीच असतात: सर दारात आले की पहिल्या बाकावरचा कोणी तरी बाकावर दोनदा टिचकी मारतो आणि सर त्या दिशेला वळतात. मागचा आठवडाभर मी हे 'लक्ष वेधण्याची खूण' म्हणून लिहीत होते.

हे वाक्य लिहून पेन थांबलं. का थांबलं ते कळत नाही.


४ फेब्रुवारी, मंगळवार

मधल्या सुट्टीत सातवी ब च्या दारात गेले. वर्गात सर एकटे होते. मी उंबऱ्यावर उभी, अंगावर ऊन. आमच्यात चार पावलांचं अंतर. त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं.

"कोण?"

मी बोलले नाही.

"आयशा?"

मी मागे सरले. व्हरांड्यात खांबाला टेकून उभी राहिले. खुर्ची. संमतीपत्र. नमस्कार. वह्या. नावं. पाच वेळा छत्तीस. मी भिंतीला टेकून पाच तास या माणसाच्या डोळ्यांसमोर बसले होते आणि दर पाच मिनिटांनी खुणा करत होते.

परत आत गेले. "सर, आरोही."

"मघाशी तुमीच व्हता?"

"हो."

त्यांनी पहिल्या बाकावर हात ठेवला. मग म्हणाले, "बसा. मागं नका बसू, इथं बसा."

"किती दिसतं?"

"डाव्यानं उजेड. उजव्यानं कोणी तरी उभं हाय, एवढं. सोळा वर्षं साखर हाय मला. औरंगाबादला दोनदा लेझर झालं. फळा व्हता तवर निभलं. खडू हाताला कळतो, रेघ कुठं संपली ते कळतं. अठ्ठावीस वर्षांत फळ्याचा कोपरान् कोपरा पाठ झालता. मग त्या फळ्यावरच ही काच ठोकली. गुळगुळीत. कुठं बोट ठेवलं अन काय उघडलं, पत्ता लागत न्हाई. म्हणून दिला पोरांच्या हातात."

"मुलांना तुम्ही सांगितलं?"

"न्हाई. त्यांनी इचारलं न्हाई. एक दिवस लखननं उत्तराच्या आधी नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी समद्यांनी."

"कायदा आहे, सर. नोकरीत असताना दृष्टी गेली तर कोणी काढू शकत नाही."

"माहीत हाय. काढणार न्हाईत. ऑफिसात बसवतील, पगार देतील." ते किंचित हसले. "ऑफिसात मी काय करू, मॅडम? तिथं सगळ्यांना सगळंच येतं."

मी म्हणाले, पुढच्या पत्रकात गुण कमी करते. बीडचं रद्द होईल.

"कमी म्हणजे किती? विसाच्या खाली गेलो तर वर्ग जातो. लई वर गेलो तर बीडला नेता. तुमच्या कागदात माणसानं उभं कुठं राहायचं?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमी लिहिलं ते खोटं व्हतं का?"

"नाही."

"पोरांना गणित येतं का न्हाई?"

"येतं."

"मग तेवढं राहू द्या. बीडला नका नेऊ. ज्याला बघायचं त्यानं हितं यावं. हितं मला कोणी पाडू शकत न्हाई."

वनमाला मॅडमना फोन केला. मुलं बदलली तर पद्धत दिसणार नाही, याच वर्गात चित्रीकरण करू, बीडला चित्रफीत दाखवू, असं सांगितलं. खरं कारण सांगितलं नाही. त्या चिडल्या, मग तयार झाल्या. शुक्रवारी स्वतः येणार.

मी आता निरीक्षक राहिले नाही. पण खोटंही काही बोलले नाही. या दोन वाक्यांमध्ये कुठे तरी मी आहे, नक्की कुठे ते सांगता येत नाही.


६ फेब्रुवारी, गुरुवार

मुलांशी मी काही बोलले नाही, पण त्यांना कळलं आहे की मला कळलं आहे. आज आयशाने माझी खुर्ची स्वतः आणून भिंतीला लावली आणि म्हणाली, "हितं बसा, मॅडम. हितून पंखा लागतो."

आसाराम सर जाता जाता: "उद्या पुढं बसणार का मागं?"

मी म्हणाले, "जिथे नेहमी बसते तिथे."

"बसा बसा. उद्या कॅमेराच पुढं बसणार हाय."


७ फेब्रुवारी, शुक्रवार

घडलं तसं लिहिते.

वनमाला मॅडम साडेअकराला आल्या. उसाच्या ट्रॅक्टरांमुळे उशीर झाला म्हणून वैतागलेल्या. सोबत कॅमेरावाला. त्याने आल्या आल्या कॅमेऱ्याचं तिकाटणं मधल्या वाटेत उभं केलं. मी उठेपर्यंत सर दारात होते. बाकावर दोन टिचक्या. सरांनी पाऊल उचललं.

"लखन," लखन मोठ्याने म्हणाला. "सर, मधल्या वाटेत कॅमेरा हाय. तिसऱ्या बाकापाशी."

सर थांबले. "मग आज मी भिंतीकडून फिरतो. कॅमेऱ्याला सांगा, आमच्यात वाटेत थांबत न्हाईत."

मुलं हसली. मॅडमही हसल्या. कॅमेरावाला हसला नाही, पण तिकाटणंही हलवलं नाही.

पहिली वीस मिनिटं मी पाहिलेल्या सगळ्या तासांपेक्षा चांगली गेली. अपूर्णांकांचा भागाकार. आयशा बोर्डावर. चौथ्या रांगेतल्या जिनत नावाच्या मुलीने विचारलं, "जिनत. सर, भागताना उत्तर मोठं कसं काय येतं? भागल्यावर कमी व्हायला पायजे." सर म्हणाले, "हा प्रश्न मला अठ्ठावीस वर्षांत फक्त चौघांनी विचारला. पाचवी तू. अर्ध्या भाकरीत पाव पाव भाकरीचे तुकडे किती?" "दोन." "मग अर्ध्याहून दोन मोठे का न्हाई?" जिनतने तोंडावर हात ठेवला. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी वही बंद करून मांडीवर ठेवली होती आणि त्या नुसत्या ऐकत होत्या.

तेविसाव्या मिनिटाला त्या उठल्या.

"सर, फार छान. आता फक्त एक उदाहरण तुम्ही स्वतः बोर्डावर सोडवून दाखवा. आमच्या चित्रफितीत शिक्षकाचा हात दिसला पाहिजे."

ते माझं शून्य होतं. पाच वेळा मीच दिलेलं.

आयशा बोर्डापाशी आपलं आधीचं उदाहरण पुसत होती. तिने पेन सरांच्या हातात दिलं आणि बाजूला झाली. घाईत बोर्ड पुसायच्या खुणेवरच राहिला. ते मला दिसलं, तिला दिसलं, आणि तिने हात पुढे केला, पण मॅडम म्हणाल्या, "बाळा, तू बस आता जागेवर." ती बसली.

सरांनी डाव्या हाताने बोर्डाची कड चाचपली. मग लिहायला लागले. तीन छेद चार, भागिले, दोन छेद पाच. हात ठाम होता. अक्षर उमटत नव्हतं. उलट हात जिथून जायचा तिथलं आयशाचं अर्धं राहिलेलं उदाहरण पुसलं जायचं, पांढरे पट्टे पडायचे.

मग लखन म्हणाला, "तीन छेद चार."

लगेच दुसरा आवाज. "भागिले."

मग सगळे. "दोन छेद पाच." बेचाळीस मुलं सरांच्या हाताकडे बघत होती आणि हात जे लिहील ते मोठ्याने वाचत होती. "तीन छेद चार, गुणिले, पाच छेद दोन." सरांचा हात वेग धरत होता. त्यांना वाटत होतं, मुलं बोर्ड वाचतायत. "पंधरा," मुलं म्हणाली. "छेद. आठ."

कॅमेरावाला म्हणाला, "अहो सर, उमटतच न्हाई की काही!"

सरांचा हात थांबला. ते वळले. तोंड खिडकीकडे झालं, जिकडे कोणी नव्हतं.

"उमटलं न्हाई?"

लखनने आयशाकडे पाहिलं.

"लखन. उमटलं का न्हाई?"

"न्हाई, सर."

"मग तुमी वाचलं कसं?"

"तुमचा हात बघून, सर."

सरांनी पेन बोर्डाच्या खालच्या पट्टीवर ठेवलं. दोनदा चाचपून ठेवलं. माझ्या टॅबवर पंचविसाव्या मिनिटाची खूण करायची वेळ झाली होती. मी केली. शिक्षक लिहितात, विद्यार्थी वाचतात. दोन्ही खरं होतं.

"उत्तर बरोबर हाय का?" सरांनी विचारलं.

"बरोबर हाय, सर," आयशा म्हणाली. नाव सांगायचं विसरली. ती रडत होती.

"मग वहीत लिहा."

त्यांनी तास पूर्ण केला. घंटा होईपर्यंत.

अर्जुनरावांच्या खोलीत मॅडमनी मला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"मंगळवारपासून."

"पत्रकात का नाही लिहिलंस?"

"तसा रकाना नाही, मॅडम."

"शेरा लिहायचा रकाना असतो, आरोही. तो तू रिकामा ठेवलास." मग थोड्या वेळाने, वेगळ्या आवाजात: "इतका चांगला तास मी या जिल्ह्यात पाहिलेला नाही. पण आता हे मी पाहिलंय. पाहिलं नाही असं मला लिहिता येणार नाही."

अर्जुनराव म्हणाले, "मला काय आज कळलं का, मॅडम? चार वर्षं झाली. कागदावर येत नव्हतं तवर मला माहीत नव्हतं. आता कॅमेऱ्यात आलं."

चार वाजता सेक्रेटरींचा फोन आला. जिल्हा रुग्णालयाचा दाखला येईपर्यंत मकसूद सरांना वर्ग द्यायचा नाही. उद्यापासून ऑफिस. अर्जुनरावांनी फोन ठेवला आणि सरांना बोलवायला शिपाई न पाठवता स्वतः गेले. दार लावून घेतलं. काय बोलले ते ऐकू आलं नाही. बाहेर आले तेव्हा दोघांपैकी कोण कोणाचा हात धरून चाललं होतं, ते मला सांगता आलं नाही.

मी खरं लिहिलं, त्यामुळे ते निवडले गेले. मी शून्य खरं दिलं, त्यामुळे त्यांना बोर्डापुढे उभं केलं गेलं. मंगळवारी मी गप्प राहिले, तेही उपयोगाचं ठरलं नाही. तिन्हींपैकी एकही गोष्ट मला मागे घेता येत नाही.


८ फेब्रुवारी, शनिवार

शनिवारची सकाळची शाळा. मकसूद सर सव्वासातला आले. ऑफिसात कपाटाशेजारी त्यांना खुर्ची दिली होती. अर्जुनरावांनी मला सातवी ब चा तास घ्यायला सांगितलं. पाच वर्षं ज्या वर्गासाठी अर्ज केले, तो समोर होता. मी नाही म्हणाले. मग ते स्वतः गेले.

वीस मिनिटांनी परत आले. हाताला बोर्डाच्या पेनाची शाई नसते, तरी हात झटकत होते.

"पोरं बोलंनात माझ्याशी," ते म्हणाले. "नावं इचारली तरी न्हाई. उठ, मकसूद. एवढा तास घे."

"साहेबांचा हुकूम?"

"मी बघतो."

"अन पुढं?"

"उद्या रविवार हाय," अर्जुनराव म्हणाले.

सर उठले आणि सातवी ब मध्ये गेले.